सुरेशचं वाक्य आज सर्व्हरवरून गेलं

मंडळी, धुळ्याच्या आपल्या जुन्या वेब सर्व्हरवर आज कॉम्प्रेशन मॉड्यूल बसवलं, म्हणजे पानं दाबून लहान करून पाठवणारा जोडभाग. सकाळपासून ते चढतच नव्हतं. आपल्या सुरेशने सर्व्हर बांधताना बाहेरचं मॉड्यूल जोडायची सोयच ठेवली नव्हती. शेवटी मूळ कोड नव्याने उतरवून त्यातून अख्खा सर्व्हर पुन्हा बांधला, म्हणजे कंपाइल केला. कुठलाही कोर्स न करता, बरं का!

आपली साइट रोज उघडणाऱ्या आबांचा बोदवडहून फोन आला, "भाऊ, आज चहा गार व्हायच्या आत पान उघडलं! सर्व्हर जेवला का काय?"

मग तपासायला मुद्दाम चुकीचा पत्ता टाकला. तिथे सुरेशने त्याच्या जुन्या कोडातच लिहिलेलं अहिराणी वाक्य यायचं, "भाऊ, आठे काहीच नही शे," म्हणजे इथे काहीच नाही. आज कोरडा इंग्रजी नकार आला.

सुरेश वारल्याला वर्ष होत आलं. वाक्य मी परत टाकू शकतो, पण आता ते माझ्या हातचं असेल. टाकू का?