हातभर उंच नणंद

नांदुऱ्यात सर्वांत उंच कोण, या प्रश्नाचं निर्विवाद उत्तर म्हणजे हायवेवरचा एकशे पाच फुटी मारुती. पण मारुती जागचा हलत नाही; त्यामुळे हलत्याचालत्यांत पहिला मान माझ्या नणंदेचा. माझं लग्न ठरलं तेव्हा हिवरा आश्रमाला, माझ्या माहेरी, "नणंद जरा वरचढ आहे म्हणे" अशी बातमी येऊन पोचली होती. आईने ती स्वभावाबद्दलची समजून मला चार उपदेशही केले. लग्नाच्या दिवशी मांडवाच्या कमानीतून ती वाकून आत आली, मग सरळ झाली, आणि सरळ होतच राहिली, तेव्हा आई माझ्या कानाशी पुटपुटली, "अवो माय, हे तं खरंच वर चढली!"

स्वभावाने मात्र ती लोण्यासारखी. फक्त वस्तू हातात देणं तिला मान्य नाही. वस्तू फेकायची असते आणि समोरच्याने ती झेलायची असते, यावर तिची अढळ श्रद्धा. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरात उभी होते. मागून आवाज आला, "वहिनी, धरा!" आणि वळते तोवर एक वांगं माझ्या नाकाच्या रोखाने निघालेलं. कसंबसं झेललं. ती जवळ आली, वांग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत ओरडली, "आई, दादाले बायको चांगली भेटली वो! हात पक्के हायेत." माझ्या नवऱ्याला ही विद्या कधीच जमली नाही. त्याच्या कपाळावर जी खूण आहे ती लोक देवीची समजतात. ती कवठाची आहे.

या फेकाफेकीतूनच तिचं पुढचं सगळं झालं. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी तिच्या हाती बास्केटबॉल दिला, अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहात पाठवलं, आणि तिथून जिल्हा, राज्य करत करत ती एका सरकारी खात्याच्या संघात पगारावर लागली. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजार समितीत धान्याचे अडते. पोरीला नोकरी लागली म्हणून त्यांनी अडतीवर पेढे वाटले, आणि पेढे खाता खाता एका शेतकऱ्याने विचारलं, "पोरगी काय काम करते, शेठ?"

"टोपलीत बॉल टाकते."

"अन् टोपलीले बूड?"

"नाई."

"मंग बॉल खालीच पडत असन. पगार काऊन देतात?"

मामाजींनी त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. पुढे पाच-सहा महिने ते मधूनच जेवताना थांबत आणि "बूड नसूनही देतात, हेच तं विशेष हाय," असं स्वतःशीच म्हणत.

मग खामगावचं एक स्थळ आलं. मुलाच्या आत्याने रिवाजाप्रमाणे "मुलीला जरा उभी करा" म्हटलं. ती उठायला लागली. आमच्या सासूबाईंनी घाईघाईने पंखा बंद केला. आत्याची मान मागे मागे जात शेवटी भिंतीला टेकली. मुलगा बिचारा खुर्चीतच बसून राहिला. त्याने उभं न राहण्यातला शहाणपणा ओळखला होता. थोड्या वेळाने धीर करून त्याने विचारलं, "लग्न झाल्यावर खेळ सोडणार ना?"

"तुमी नोकरी सोडसान?" तिने विचारलं.

"मी काऊन सोडू? मले पगार भेटते."

"मंग? मले काय प्रसाद भेटते?"

पोहे संपवून मंडळी गेली. तिने त्या मुलाबद्दल एकच निकाल दिला, "माणूस चांगला हाय, पन कोनी पुढं आलं का बॉल टाकून देईन." माणसं ती अशीच मोजते. सासूबाईंना ती संघाची कप्तान म्हणते, कारण त्या स्वतः काही करत नाहीत आणि सगळं त्यांच्या मनाप्रमाणे होतं.

नंतर व्यावसायिक लीग सुरू झाली. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराच्या क्लबाने तिच्याशी करार केला, आणि ती सातूचं पीठ, ठेच्याची बरणी आणि आपली वऱ्हाडी बोली घेऊन तिकडे गेली. हिंदी-इंग्रजी तिला येतं. पण बॉल हातात आला की तोंडातून वऱ्हाडीच निघते. संघात एक अमेरिकन मुलगी होती. तिने पहिल्याच आठवड्यात बोटभर ठेचा चाटला आणि सासरी निघालेल्या नवरीसारखी रडली. दुसऱ्या आठवड्यात तिने तो मागून घेतला. महिन्याभरात सगळा संघ मैदानावर "सोड बे", "थांब बे", "इकून ये बे" असं ओरडू लागला. समोरच्या संघांना वाटायचं हे सांकेतिक डावपेच आहेत. त्या अमेरिकन मुलीने तर पंचाचा एक निर्णय न पटल्यावर त्याच्यासमोर हात पसरून विचारलं होतं, "काऊन बे?" पंच केरळचा होता म्हणून निभावलं.

आणि हे सगळं रंगात आलेलं असताना तिचा गुडघा गेला. उडी मारून खाली येताना पाय वळला आणि आतलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, धावालही, पण या पातळीचं खेळणं विसरा. क्लबाने फुलांचा गुच्छ पाठवला आणि करार वाढवायचं काही बोलले नाहीत. ती घरी आली. दोन कुबड्या आणि पायाला पट्टे. एके दिवशी मी स्वयंपाकघरात तिला म्हटलं, "ताई, ती मिठाची बरणी द्या बरं." मी सवयीने हात पुढे करून झेलायच्या पवित्र्यात उभी राहिले. ती एका कुबडीवर लंगडत आली आणि बरणी अलगद माझ्या हातात ठेवून गेली. मागे सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पाह्यलं का वो बाई? हातात देल्ली."

मामाजी रडले नाहीत. ते वेल्डरकडे गेले. आठ दिवसांत अडतीच्या गोदामाच्या भिंतीवर फळी आणि लोखंडी रिंग लागली. तिने कधीतरी त्यांना रिंग दहा फुटांवर असते असं सांगितलं होतं. पण मामाजींनी आयुष्यभर काट्यावर मूठभर जास्त टाकून माप दिलेलं. आपल्या पोरीच्या बाबतीत कमी भरलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी रिंग हातभर वर लावून घेतली. ती कुबड्या टेकत गोदामात आली, वर पाहिलं, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बराबर हाय बाबा." दुसऱ्या दिवसापासून तुरीच्या पोत्यांमध्ये बॉलचा धबधब आवाज सुरू झाला. आधी खुर्चीवर बसून, मग एका पायावर, मग दोन्ही. हमाल लोक पोती उतरवता उतरवता थांबून बघत आणि बॉल आत गेला की पोतं पाठीवर असतानाच टाळ्या वाजवायचा प्रयत्न करत.

वर्ष उलटलं. क्लबाने "बघू" म्हणून बोलावलं आणि राखीव खेळाडूंत बसवलं. परतल्यानंतरचा पहिला सामना आम्ही मोबाईलवर पाहिला. तिने टाकलेला प्रत्येक बॉल रिंगवरून पलीकडे. एक तर प्रेक्षकांत जाऊन पडला. फोन केला तर ती हसून हसून बेजार. "वहिनी, बाबाच्या रिंगनं माही इज्जत घेतली न वो!"

"म्हणजे रिंग जास्त उंच लागलीय हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्याच दिशी समजलं."

"मग बोलला का नाही?"

"इतक्या हौसेनं लावली बाबानं. खाली करा, असं कसं म्हनू?"

पुढच्या सामन्यापर्यंत तिने हात बसवला, आणि लीग संपता संपता ती पुन्हा पहिल्या पाचांत होती. अंतिम सामन्याला आम्ही सगळे गेलो. मामाजींनी तिचा खेळ प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता. ती शाळेत असताना एकदा पडली, तेव्हापासून ते मैदानाच्या फाटकाबाहेरच थांबत. या वेळी मी त्यांना हाताला धरून आत नेलं. ते आले, बसले आणि डोळे मिटून घेतले. "तू सांग सूनबाई, मी आयकतो." मग सगळा सामना मी त्यांच्या कानात ओतला. शेवटची काही सेकंद उरली आणि आम्ही एका गुणाने मागे. बॉल अमेरिकन मुलीकडे होता. भर गर्दीतून ताईंची खणखणीत हाक आली, "सोड बे!" तिने सोडला. आमच्या बाईने झेलून उडी घेतली आणि समोरच्या संघातल्या दोघींनी मिळून तिला खाली पाडलं.

"काय झालं?" मामाजींनी माझं मनगट आवळलं.

"पडल्या."

"उठली का?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी डोळे उघडले. ती उठली होती. गुडघा झटकत रेषेवर येऊन उभी होती. तिला दोन फ्री थ्रो मिळाले होते, एकेका गुणाचे, कोणी न अडवता टाकायचे. पहिला बॉल हातातून सुटला तो वर, वर, छताच्या दिव्यांपर्यंत गेल्यासारखा, आणि सरळ जाळीत. बरोबरी. दुसरा त्याहून वर गेला. जाळी हलली आणि मामाजी खुर्चीवर चढून उभे होते, धोतर सावरत, अनोळखी तमिळ माणसांना मिठ्या मारत. "हातभर जास्त हाय ते!" ते त्यांना वऱ्हाडीत समजावून सांगत होते. ती माणसंही मनापासून मान डोलावत होती.

नांदुऱ्याला मिरवणूक निघाली. तिचं स्वागत करणारा फलक तिच्याच डोक्याला लागला, ढोलताशा मारुतीपर्यंत गेला, आणि खामगावच्या त्या आत्याने येऊन तिच्यासोबत फोटो काढून घेतला. त्यासाठी आत्याला स्टुलावर उभं करावं लागलं.

अजून ती खेळते. आता मात्र सामन्यानंतर गुडघ्याला बर्फ लावून बराच वेळ बसते. मागच्या सुट्टीत ती परत जाताना मी तिला स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडीला वेळ होता. बाकावर पाय लांबवून ती एकदम म्हणाली, "वहिनी, रस्त्यानं कोनी भेटलं का पयले हेच इचारते, बास्केटबॉल खेळता का? लय कटकट वाटे लहानपनी. आता लय गोड वाटते. एक दिवस 'खेळत होते' म्हना लागन न?"

तेवढ्यात गाडीची घोषणा झाली. ती बॅग उचलून उठली, नेहमीसारखी सावकाश, पुरी उभी राहीपर्यंत. शेजारच्या बाकावर संग्रामपूरकडचे एक म्हातारबाबा होते. त्यांनी मान वर करत करत तिला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "काय वो बाई, ते बॉलचं खेळता काय?"

गाडी फलाटाला लागत होती. गर्दी दाराकडे धावली. ती धावली नाही. त्या म्हाताऱ्यासमोर ताठ उभी राहिली.

"हाव बाबा," ती म्हणाली. "खेळते."