बारीकरावांची कुट्टी

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गोठ्यात सव्वीस वर्षं त्यांनी चारा कापला, आणि इतका बारीक कापला की खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं. चाळिशीतच त्यांचे दात गेले. कवळी केली, पण ती टोचते म्हणून डबीत घालून खिशात बाळगली. जेवण बायको कुस्करून देई. चावणं ही शिक्षा आहे, असं त्यांचं ठाम मत झालं. ती मुक्या जनावराला कशाला, म्हणून ते कुट्टीयंत्राच्या चाकावर चारी पाती लावून चाऱ्याचा पार भुसा पाडत. गायी घटकाभरात गव्हाण चाटूनपुसून साफ करत आणि बारीकराव कौतुकाने बघत उभे राहत.

मग थोरलीने खाणं सोडलं. ही गोठ्यातली सगळ्यांत जुनी गाय, बारीकरावांनी वासरापासून वाढवलेली. शेण पातळ, दुधाला फॅट नाही, रवंथ बंद. मालकीणबाई म्हणाल्या, "रविवारपर्यंत बघू. नाहीतर विकून टाकू."

डॉक्टरीणबाई आल्या. गायीला तपासून झाल्यावर त्यांनी गव्हाणीतला चारा चाळणीत घालून हलवला. वर काही राहिलंच नाही.

"हे कोणी कापलं?"

"मी," बारीकराव म्हणाले. त्यांना शाबासकीची अपेक्षा होती.

"काका, हिला चावायला काही ठेवलंच नाहीत तुम्ही! चावलं की लाळ सुटते, लाळेनं पोटातलं आंबट मरतं. बोटाच्या पेराएवढा कापा. फार लांबही नको, नाहीतर पानं निवडून खाईल आणि धांडे ढकलून देईल."

सव्वीस वर्षांची कामगिरी चाळणीतून खाली गेली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे बारीकरावांनी त्या रात्री बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाना घेऊन समोरासमोरची दोन पाती उतरवली, म्हणजे तुकडा दुप्पट लांब पडेल. थोरलीने दोन दिवस नुसतं हुंगलं. शुक्रवारी थोडं खाल्लं.

शनिवारी दुपारी ती बसली असताना गळ्यातून एक गोळा वर आला आणि तिचा जबडा आडवा फिरू लागला. बारीकराव उकिडवे बसून तिचं चावणं मोजायला लागले. पन्नासच्या वर गेलं तर गाय बरी, असं डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या.

बायको डबा घेऊन आली तेव्हा त्यांचाही जबडा हलत होता.

"काय खाताय?"

"काही नाही. गप्प बस. त्रेपन्न, चोपन्न..."

एकसष्टाव्याला थोरलीने गिळलं. बारीकरावांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायचं त्यांना सुचलं नाही. बायकोने डबा उघडला आणि रोजच्यासारखी भाकरी कुस्करायला बसली.

"राहू दे," म्हणत बारीकरावांनी खिशातली डबी काढली. "आज चावतो."