नदीची ओटी

शरयूकाकू मुळातच भित्र्या. सांगलीत तीस वर्षं शिवणाचे क्लास घेतले, पण बँकेत एकट्या कधी गेल्या नाहीत. २००६ च्या जूनमध्ये त्या मिनेसोटात मुलाकडे, यतीनकडे, नात सांभाळायला आल्या. इथली त्यांना सगळ्यात मोठी भीती पोलिसांची. "मूल एकटं सोडलं तर सरकार घेऊन जातं," असं भिशीत कुणीतरी सांगितलेलं.

एका शनिवारी सगळे नदीकाठच्या, स्वीडिश लोकांनी वसवलेल्या चिमुकल्या गावी गेले. लाल लाकडी घरं, निळे-पिवळे झेंडे. दहा महिन्यांची अदिती गाडीत झोपली होती.

"आई, दोन मिनिटांत बेकरीतून येतो. चावी ठेव," यतीन म्हणाला. सून रेणूही त्याच्यामागे गेली.

नात झाल्यावर नदीची ओटी भरायची राहिली होती. नदी तर समोर, दहा पावलांवर. झोपलेल्या पोरीला कशाला उठवायचं? वारा लागू नये म्हणून काकूंनी काच वर केली, ओटीची पिशवी घेतली, कुणी आत शिरू नये म्हणून कुलपाचं बटण दाबलं आणि दार लावलं.

नारळ, खण पाण्यात सोडून त्या दहा-पंधरा मिनिटांनी परतल्या. दार उघडेना. चावी आत, पर्समध्ये, सीटवर.

ऊन रणरणत होतं. अदिती जागी होऊन रडत होती. चेहरा लालबुंद, केस ओले. काकूंनी काचेवर मुठी आपटल्या. समोरच्या घरातले म्हातारे गोरे आजोबा धावत आले. एक नजर टाकून त्यांनी खिशातून फोन काढला. "पोलीस," ते म्हणाले.

"नो पोलीस! नो!" काकूंनी त्यांचा हात धरला.

आतलं रडणं बारीक झालं. काकूंनी हात सोडला.

"कॉल," त्या म्हणाल्या. "कॉल पोलीस."

आजोबांनी फोनवर बोलता बोलताच घरातून हातोडी आणून पुढची काच फोडली. आत हात घालून मागचं दार उघडलं. काकूंनी नातीला उचलून घेतलं. ती घामाने निथळत होती, पण मोठ्यांदा रडायला लागली.

पोलीस आणि बेकरीच्या रांगेत अडकलेले यतीन-रेणू एकदमच पोचले. मागोमाग आलेल्या अँब्युलन्समधल्या बाईने अदितीला तपासलं, ठीक आहे म्हणाली. मग पोलिसाने विचारलं, "हू लेफ्ट द बेबी?"

"आय डिड," यतीन म्हणाला.

काकूंना तेवढं कळलं. त्या पुढे आल्या आणि छातीवर हात ठेवला. "नो. मी. आजी."

पोलिसाने यतीनला दुभाषा करून सगळं विचारलं, नाव लिहून घेतलं, कडक ताकीद दिली. अदितीला कुणी नेलं नाही.

परतताना, आता पोर आपल्या हाती देणार नाहीत, एवढंच काकूंच्या मनात. घर जवळ आल्यावर रेणू मागे वळली. तिचे डोळे सुजले होते.

"मी अजून रागावलेय, आई. खूप." मग म्हणाली, "पण उद्या हिला अंघोळ तुम्हीच घाला. माझ्याकडे रडते."

काकूंनी मान डोलावली. मग अदितीच्या कपाळावरचे केस मागे सारले.