भाऊजींचा तंबाखू बाई वाळवायची

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, बाबा गेले," तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं, निघते म्हटलं, आणि जुडी पूर्ण निवडूनच उठले. रडू आलं नाही. पाच आठवडे झाले, अजूनही आलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं सगळे सांगतात. माझे भाऊजी एटापल्लीकडे रेंजर होते. सागवान चोरणाऱ्यांकडून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नाही. तिकडची माणसं त्यांचं नाव आदराने घेतात, आणि ते खोटं नाही. पण त्या माणसांनी त्यांचा तंबाखू वाळवला नव्हता. तो माझी थोरली बहीण वाळवायची. आम्ही तिला बाई म्हणतो.

बदलून चाललेल्या कुठल्याशा साहेबाने भाऊजींना पाईप दिला आणि तेव्हापासून नागपूरहून डबे येऊ लागले. डब्यातला तंबाखू ओलसर असतो. तसाच भरला तर काडीमागून काडी जाते, पाईप विझत राहतो, नळीत पाणी साचून गुडगुड वाजते. फार वाळला तर जीभ पोळते. म्हणून तो ताटात कागदावर मोकळा करून पसरायचा, उन्हात नाही, पंख्याखाली नाही, तव्यावर तर मुळीच नाही. मधूनमधून हलवायचा. चिमूट दाबून सोडायची; गोळा राहिला तर ओला, चुरा झाला तर वाया, हळूहळू उलगडली तर बरोबर. भाऊजींना एवढा धीर नव्हता. एकदा चुरा झाला म्हणून त्यांनी पाहुण्यांसमोर ताट अंगणात भिरकावलं होतं. बाईने खाली बसून ते उचललं...

मग आमच्या बाबांचं झालं, बाईच्या आणि माझ्या. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा वरोऱ्याला आमच्या घरी शेवटच्या घटका मोजत होते. बाईचं नाव घेऊन घेऊन विचारायचे. मी सकाळी सात वाजता आरमोरीला बाईच्या घरी फोन केला. बाई म्हणाली, "नऊच्या गाडीनं निघतो." आमच्याकडे बायाही असंच बोलतात. मी बाबांना सांगितलं, बाई येऊन राह्यली. त्यांनी मान हलवली आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले.

त्या दिवशी दुपारी भाऊजींचे जुने साहेब जेवायला यायचे होते. बाई पिशवी भरून दाराशी आली, तर भाऊजी म्हणाले, "एवढा डबा वाळवून दे, मंग जा." तीन दिवस पावसाची झड लागलेली. भिंतीसुद्धा ओलावलेल्या. नऊची गाडी गेली. बाई चुलीमागच्या कोमट भिंतीलगत ताट ठेवून चिमटी दाबत बसली. साडेअकराचीही गाडी गेली. एकच्या सुमारास बाबा गेले.

ती संध्याकाळी पोचली. प्रेत ओसरीत ठेवलं होतं, तिच्यासाठीच. तिने बाबांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं तेव्हा मी शेजारी होते. तिच्या बोटांना त्या तंबाखूचा गोडसर वास येत होता.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. चार माणसांत मी विचारलं, "भाऊजी, बाईले काऊन थांबवलं तुमी?"

ते शांतपणे म्हणाले, "मी कुठी थांबवलं? तंबाखू ओला होता."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. आरमोरीला जायची, बाईच्या हातचं जेवायची आणि परत यायची. बाईने मात्र त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिचं हे गप्प राहणंही मला त्यांचाच गुन्हा वाटत आला.

आता भाऊजींची तेरवी झाल्यावर आरमोरीच्या घरात बाई आणि मी दोघीच होतो. शेजारचे मास्तर आले. भाऊजींबरोबर बसून तेही कधीमधी ओढायचे. अर्धा डबा उरला असेल तर आठवण म्हणून द्या, म्हणाले. बाईने तो आणून दिला.

मास्तरांनी झाकण उघडून बोटाने पाहिलं. "ओला दिसते, वहिनी. भाऊ कसा वाळवत होते? सांगत होते, मी सोता वाळवतो म्हणून."

"ते नाई वाळवत होते," बाई म्हणाली. "मी वाळवत होतो."

मास्तर जरा गोंधळले. "मंग एवढा वाळवून द्या ना."

"नाई," बाई म्हणाली. आवाज चढला नाही, कारणही दिलं नाही. मास्तर डबा घेऊन गेले.

आता बाई माझ्याकडे वरोऱ्याला असते. काल तिला पोळ्यांची कणीक मळताना पाहिलं. तिने कणकेची चिमूट घेतली, अंगठ्याखाली दाबली, सोडली आणि उलगडते का ते बघत राहिली. मी परात माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, "बाई, तू बस. मी मळतो."