अर्जातले माझे एक वाक्य

बंगळुरातील एका सरकारी इस्पितळाच्या फाटकासमोर अर्ज लिहिण्याचे टेबल मांडून मी उमेदीची वर्षे काढली. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. इंग्रजी मात्र मी कचेरीतले जुने अर्ज नकलून आत्मसात केली. माझ्या हातचा अर्ज बाजूस सारणे साहेबांसही जड जाई, हे मी येथे अभिमानाने नमूद करतो.

साठ सालच्या आसपास बेळगावकडची एक परिचारिका माझ्याकडे आली. तिची लहान मुलगी घटसर्पाने गेली होती, आणि रजा संपताच तिला पुन्हा मुलांच्याच वॉर्डात नेमले होते. तिला दुसरा वॉर्ड हवा होता.

"मग इतके दिवस कसे निभावलेत, अक्का?"

"सोबतिणींनी निभावलं, अण्णा. घटसर्पाचं मूल आलं की थोरली सिस्टर माझ्या हातातली सुई काढून घेते, मला पट्ट्या कापायला बसवते. दुसरी आपला दहीभात पुढं सरकवते. म्हणते, 'खा गं, नाहीतर तुलाच खाटेवर घ्यावं लागेल!' त्या आहेत म्हणून सकाळी यावंसं वाटतं."

हे मी ऐकले. पण इतका आधार आहे असे लिहिल्यास साहेब बदली कशाला देतील? अर्जास जोर यावा म्हणून मी लिहिले, 'सदर अर्जदारास सहकारी परिचारिकांकडून कोणतेही साहाय्य मिळत नाही.' तिची ड्यूटीची वेळ झाली होती. तिने न वाचताच विश्वासाने सही केली.

साहेबांनी तो अर्ज चौकशीसाठी मेट्रनबाईंकडे धाडला; त्यांनी तो सर्व परिचारिकांना उभे करून वाचून दाखवला आणि त्यांना खडसावले. बदली नामंजूर झाली.

ती परत आली. "ते वाक्य मी सांगितलं होतं का, अण्णा?"

"अर्जात असे लिहावे लागते, अक्का."

"थोरलीनं आज सुई माझ्याच हातात दिली. म्हणाली, 'तुझ्या अर्जात आम्ही नाहीच, मग टोच तूच.'"

मी खुलासा लिहून देऊ केला. ती म्हणाली, "कागद नको. तुम्ही एकदा तिला सांगा."

मी सांगितले नाही. थोरली सिस्टर रोज माझ्या टेबलासमोरून जात असे. पण माझा अर्ज चुकला हे इस्पितळभर झाले असते तर माझी प्रतिष्ठा काय राहिली असती? पूर्वी त्या साऱ्या हसत, एकमेकींना टोमणे मारीत बाहेर पडत. आता ती एकटी, खाली मान घालून निघे. कामात तिने कसूर केली नाही, एवढेच.

दोन महिन्यांनी तिने माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. "स्वल्पच लिहा, अण्णा. कारण घालू नका," म्हणाली, आणि गावी निघून गेली.

पुढच्या आठवड्यात थोरली सिस्टर टेबलापाशी थांबली. "राजीनामा तुम्हीच लिहिलात ना? का गेली हो ती?"

तिचे डोळे भरले होते. मी टाक पुसत म्हणालो, "कारण लिहिलेले नव्हते."