नागव्वाची अंजीर-जेली

कुंभारीच्या नागव्वाने एखादी गोष्ट मनावर घेतली, की तिला अडवायची कुणाची टाप नव्हती. या खेपेला तिने घेतलं ते एवढंच, की सासूच्या नाकात नळी जाऊ द्यायची नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून ऐंशीच्या गंगम्माला पाणी गिळवेना, घोटाघोटाला ठसका. डॉक्टर म्हणाले, जेलीसारखं मऊ, थिजलेलं काही द्या; सोमवारपर्यंत पोटात गेलं नाही, तर नळी. बाजारची जेली आणली, तर तिच्यात जनावराची हाडं असतात हे म्हातारीला कधीचं ठाऊक. लिंगायताचं घर. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

मग नागव्वाला कपाटातली पुडी आठवली. लेक चंद्रिका तैवानात नोकरीला. तिने दिवाळीला आणलेली. तिकडे भिंतीवर चढणारी एक अंजिराची वेल असते. तिचं बी फडक्यात बांधून गार पाण्यात चोळलं, की पाणी आपसूक थिजतं. आजारी माणसाला द्यायचं म्हणून नागव्वाने फिल्टरचं पाणी घेतलं आणि हात भरून येईपर्यंत चोळलं. थिजेल तर शपथ. पुन्हा नवं बी घेऊन चोळलं, तरी पातळ ते पातळच. आता पुडीत मूठभर बी उरलेलं. तिला रडू फुटलं, पण रडत रडतच तिने फोन लावला.

"अव्वा, फिल्टरचं कशाला घेतलंस? त्याला पाण्यातला क्षारच लागतो की," चंद्रिका म्हणाली.

क्षार म्हणे. दारातल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरी पुटं चढतात, म्हणून नागव्वाने त्या पाण्याला जन्मभर शिव्या घातलेल्या. मुकाट्याने तेच पाणी भरलं, सगळं बी चोळलं. तासाभराने वाटी उलटी धरली, तर आतलं हलेना.

वर गुळाचा पाक घालून ती चमचा घेऊन बसली.

"कशाचं हाय?" गंगम्मा पुटपुटली.

"झाडाचं."

म्हातारीने ऐकलं 'हाडाचं'. तोंड पुन्हा बंद. आता मात्र नागव्वाचं डोकं फिरलं. सासूच्या कानाशी वाकून ती कानडीत ओरडली, "अत्ती! अत्ती!"

कानडीत उंबर-अंजिराला अत्ती म्हणतात, आणि या घरात सासूलाही अत्तीच म्हणतात.

गंगम्माचे ओठ उघडले. पहिला घास सरकला, ठसका नाही. दुसराही गेला. आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा म्हातारी हसली.

"सासूला सासूच चारलीस की गं."