क्रीम रंगाखालचा हिरवा

“मशीन लावाल तर हात तोडून शटरला टांगीन!”

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजची मालकीण ही गर्जना करत होती, तीही वर्दीतल्या आमच्यावर. तो आवाज अजून माझ्या कानात मुक्कामाला आहे. उतरू बघणारं एखादं विमान त्या आवाजाने परत वर गेलं असेल, तर मला नवल वाटणार नाही. माझा हवालदार, ज्याने एकदा नुसतं खाकरून अख्खी टोळी शरण आणली होती, तो माझ्यामागे लपला.

प्रकरण असं. आमच्या हद्दीत, दिंडोशीच्या वसाहतीत राहणाऱ्या एका मालवणी आजोबांची जुनी क्रीम रंगाची गाडी इमारतीखालून चोरीला गेली. पोरांना नसेल एवढी आंघोळ त्या गाडीला. आजोबा-आजी रोज पोलीस ठाण्यात येऊन बसत. ठाणे अंमलदार चहा मागवताना त्यांचेही कप धरू लागला.

मग खबर आली. अंधेरीत एक तसलीच गाडी, पण लाल, नवी करायला आलीय आणि गिऱ्हाईक म्हणतंय, जुना रंग आजच्या आज उडवा. जुन्या गाडीच्या खऱ्या वेड्याला घाई कधीच नसते. मला तिथेच वास आला.

जाऊन बघतो तर इंजिन बदललेलं, चेसिस नंबर घासून गुळगुळीत. गिऱ्हाईक अत्तरात बुडवून काढलेलं. “साहेब, त्यांची क्रीम, माझी लाल. नंबर गंजाने गेला. पेपर बघा ना.” काही ठोस खूण मिळाली नाही, तर गाडी त्याचीच ठरणार होती.

मी आजोबा-आजींना जबाबासाठी बोलावलं. “गाडीवर एखादी खूण?”

“खूण?” आजी कडाडल्या. “एक ओरखडो नाय होतो!”

आजोबा पंख्याकडे बघू लागले. ठाण्यात जो पंख्याकडे बघतो, त्याच्या पोटात काहीतरी असतं. मी आजींना महिला शिपायाबरोबर चहाला पाठवलं.

“साहेब, हिका सांगू नकात,” आजोबा कुजबुजले. “रिव्हर्स घेताना खांबाक ठोकलंय. पाठच्या दरवाज्याखाली. खिडकेच्या गजांचो हिरवो ऑइलपेंट उरललो, तो फासलंय आणि वर क्रीम मारलंय.”

“आजोबा, गाडी हवी तर हे जबाबात येणार.”

खुनाची कबुली देताना माणसं एवढी घामाघूम झालेली मी पाहिली नाहीत. पण सही केली.

म्हणून आम्ही पंच घेऊन गॅरेजात आलो, हवालदाराने ग्राइंडर उचलला आणि ती गर्जना झाली. “रंग खरवडतात काय रे? सोलायचा असतो!” बाईंनी दरवाज्याखाली पाणी मारलं आणि ओला पॉलिश पेपर हलक्या हाताने गोल फिरवायला घेतला. लाल गेला. राखाडी अस्तर गेलं. क्रीम उमटला, तसा अत्तरवाला म्हणाला, “क्रीम काय, कुणाचाही असतो.” बाईंनी त्याच्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. कांद्याचा पापुद्रा काढावा तसा त्यांनी क्रीम उतरवला, खालच्या थराला धक्का न लावता. असला हात मी सबंध नोकरीत पाहिला नाही. आमच्या चौकशीचा कोणताही बहाद्दर त्यांच्यापुढे पाणी भरेल.

आणि हिरवा आला. गच्च, खिडकीच्या गजांचा, त्यात ब्रशचा एक केस चिकटलेला. अत्तरवाल्याचं अत्तर जागच्या जागी उडालं. पंचनामा पुरा व्हायच्या आत त्याने चोरणाऱ्यांची नावंही ओकली.

तेव्हापासून मी आरोपीवर एकदम तुटून पडलो नाही. वरचा थर उतरला की थांबायचो, खालचा बघायचो. त्या बाईंची शिकवणी, दुसरं काय.

कोर्टाच्या हुकमाने गाडी परत दिली, त्या दिवशी आजोबांनी धीर करून आजींना तो हिरवा दाखवला. “तुका सांगूक नाय,” ते मान खाली घालून म्हणाले.

आजींनी पदर खोचला आणि पुढचा दरवाजा उघडला.

“माका तेवाच ठावक होता. ब्रश मियाच धुतलंय.”